बाहेरून कडी

१२ जानेवारी १९६४, बंगळूर

आज सकाळी बंगळूरला पोचलो. गाडीला उशीर झाला तरी चंद्रकांतराव मिराशी स्वतः स्टेशनवर उभे होते. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनीच गर्दीतून हाक मारली, ‘बसवंत ना रे तू? अक्षरावरून वाटलं होतं, चांगला उंच असशील!’ मला हसू आलं. गडहिंग्लजहून निघाल्यापासूनची धाकधूक तिथेच गेली.

एवढे सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, पण माझी ट्रंक त्यांनीच स्कूटरवर पायांच्या मध्ये धरली. घर शहराच्या दक्षिणेला, बनशंकरीच्या देवळाच्या अलीकडे आहे. नवं बांधलेलं, समोर नाचणीची शेतं. मागच्या आवारातली खोली मला दिली आहे. खिडकीला जाळी आहे आणि दाराला आतून चांगली कडी आहे. मी लावून पाहिली, पुन्हा काढून लावून पाहिली.

प्रेमावहिनींनी गरम पाणी दिलं आणि मग उप्पीट. त्यात पावट्यासारखे हिरवे, साल काढलेले दाणे होते. इथे त्याला अवरेकाळू म्हणतात. वहिनी म्हणाल्या, हे फक्त थंडीत मिळतं; दव पडल्याशिवाय शेंग तो तेलकट वास धरत नाही, आणि एकदा धरला की सोलणाऱ्याच्या बोटांवरून दिवसभर जात नाही. ‘इथली माणसं थंडी आली का ते पंचांगात बघत नाहीत, बोटं हुंगून बघतात,’ असं म्हणून त्यांनी आपला हात माझ्या नाकापुढे धरला. मी लाजलो. वास खरोखर होता.

काम असं: चंद्रकांतराव आणि त्यांचे दोघे-तिघे मित्र मिळून गुहा बघायला जातात. त्यांचं एक मंडळ आहे. दोर, शिड्या, कार्बाइडचे दिवे नीट ठेवायचे, टिपणं चांगल्या अक्षरात उतरवायची. माझी शाळा आठवीत सुटली, पण मास्तरांनी शुद्धलेखन घोटून घेतलेलं आहे. चंद्रकांतराव मास्तरांचे भाचे, त्यामुळे हे जमलं. वर्षभरात ते मला कारखान्याच्या स्टोअरमध्ये कायमचं लावून देणार आहेत. लावलं की मी बहिणीला इथे आणणार. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून. आता पुरे झालं तिचं.

बहिणीला पत्र टाकलं. ‘सुखरूप’ हा शब्द दोनदा तपासून लिहिला.

२ मार्च

मंडळाची गुहा आंध्रात, कर्नूलच्या बाजूला आहे. बंगळूरला सगळा काळा दगड. चुनखडी बघायची तर इतक्या लांब जावं लागतं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा गेलो. उघड्या माळावर विहिरीसारखं तोंड, त्यात उतरलं की आडव्या वाटा फुटतात. छत पांढरं, ओलं, कुठे गुळगुळीत, कुठे दातांसारखं. थेंब पडत असतात. मी घाबरलो होतो पण कोणाला कळू दिलं नाही, असं मला वाटतं.

दोर धरायला विठोजीअण्णा असतात. त्यांचं घराणं मूळचं मराठा, पण शहाजीराजांच्या काळापासून बंगळूरचं. मराठी बोलतात ती निम्मी कानडी. त्यांच्या आज्यानेही याच गुहेत दोर धरला होता. तेव्हा एक गोरा साहेब आला होता, मशाली घेऊन. त्याने पुढच्या दालनांचा नकाशा काढला, आणि मग काम तसंच सोडून विलायतेला गेला. त्याआधी नुसते मेंढके. त्याच्यानंतर चुनाभट्टीवाले आले, तोंडाजवळचे दगड फोडून नेले आणि कंटाळून गेले. मग पन्नासएक वर्षं कोणी आत पाऊल टाकलं नाही, ते चंद्रकांतरावांनी टाकलं. साहेबाचा नकाशा जिथे संपतो त्यापुढे त्यांनी बरंच मोजलं आहे. हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो.

मी अण्णांना विचारलं, साहेबाने काम अर्धं का सोडलं. ते तंबाखू मळत म्हणाले, ‘स्वल्प थांब, पोरा. सगळं पहिल्याच दिवशी खातोस काय?’ आणि पुढे काही सांगितलं नाही.

२१ जून

चंद्रकांतरावांनी आज जेवणानंतर मला बाहेर झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतलं. त्यांनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एक फ्रेंच तरुण घड्याळाशिवाय दोन महिने जमिनीखाली राहिला. दिवस-रात्र कळत नसताना माणसाचं शरीर वेळ कशी मोजतं, हे त्यावरून शास्त्रज्ञांना समजलं. आपल्या देशात हे कोणी केलेलं नाही. आपलं मंडळ करणार आहे. मग म्हणाले, रोजनिशी न चुकता लिहील असा माणूस हवा. मी सोडून त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरं नाव नाही.

मी म्हटलं, मी भित्रा आहे. ते म्हणाले, ‘अरे, म्हणूनच! धीट माणूस लिहीत नाही. भित्रा सगळं टिपून ठेवतो.’ वहिनी आतून म्हणाल्या, ‘त्याला उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका हं.’ पण मग बाहेर येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की मी त्यांना धाकट्या दिरासारखा आहे, माझ्या केसाला धक्का लागू देणार नाहीत.

ऑगस्टमध्ये उतरायचं, दसऱ्याला वर यायचं. दिवाळीला मी घरी, भाऊबीज बहिणीकडे. आणि स्टोअरची जागा नक्की. मी हो म्हटलं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनींनी बनशंकरीला राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवा लावला, माझ्यासाठी. मीही गेलो होतो. अर्ध्या लिंबात वात जळते तेव्हा कडवट, बरा वास येतो. उद्या निघायचं.

१० ऑगस्ट, गुहा

सगळी तयारी पाहिली. तोंडापासून बरंच आत, वाट जिथे वळते तिथे, फळ्यांचं दार बसवलं आहे. त्याच्यापुढे माझं दालन. दार अशासाठी की मी चुकून तोंडाकडे गेलो आणि उजेड पाहिला तर सगळं वाया जाईल. कडी बाहेरून आहे. ती आतून का नाही, हे मी विचारलं. चंद्रकांतराव म्हणाले की मोहाच्या क्षणी माणूस स्वतःच काढतो. ते बरोबर आहे.

लष्कराच्या लिलावात घेतलेला टेलिफोन आहे. त्याची तार फळ्यांखालून गेली आहे. दांडा फिरवला की वर राहुटीत घंटी वाजते. मी उठलो, जेवलो, आता झोपतो, एवढंच सांगायचं. वरच्याने ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘बरं’, एवढंच म्हणून वेळ टिपायची. बाकी अक्षर बोलायचं नाही. ऊन, पाऊस, वार काही नाही. वरून घंटी कधीच करायची नाही. सामानाची टोपली अण्णा वाटेल तेव्हा दाराच्या आत सरकवून जातील.

मी विचारलं, मला सहन झालं नाही तर? चंद्रकांतरावांनी माझे दोन्ही खांदे धरले. म्हणाले, ‘नुसतं म्हण, मला वर घ्या. दुसऱ्या क्षणी कडी निघेल. माझा शब्द.’

वहिनी इथपर्यंत आल्या होत्या. त्यांनी ओवाळलं. इथून पुढच्या तारखा माझ्या अंदाजाच्या.

माझा १३ ऑगस्ट

तिसरा दिवस, बहुधा. दालन एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढं आहे. तंबू कोरड्या चौथऱ्यावर लावला आहे. शेवटच्या भिंतीजवळ पाणी साठतं, तिथून प्यायला आणतो. पाणी उकळलं की भांड्याला पांढरा थर बसतो. सुरुवातीला थेंबांच्या आवाजाने झोप लागेना. आता थेंब थांबल्यासारखा वाटला की जाग येते.

फोनवर चंद्रकांतराव असले की ‘सरी’ झटकन म्हणतात. अण्णा लांबवतात, ‘सऽरी’. मला तेवढ्यानेही बरं वाटतं. माणूस एका शब्दावर इतका जगू शकतो हे मला माहीत नव्हतं.

माझा २२ ऑगस्ट

मोठ्याने वाचतो. नाहीतर आवाज बसेल. आज दिवसभर जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हटल्या. पलीकडच्या अरुंद वाटेतून प्रतिध्वनी येतो. तो थोडा उशिरा येतो. काल म्हटलेली ओळ आज आल्यासारखी वाटली, पण मी दमलो होतो.

माझा ३० ऑगस्ट

टोपलीत वहिनींनी चकल्या पाठवल्या होत्या. चिठ्ठी नसते, नियम आहे. चकल्यांवरून त्यांचा हात ओळखू येतो, कडा जरा जास्त भाजलेल्या.

एक नोंद. पाण्याकडे गेलो होतो तेव्हा फोनचा दांडा फिरवल्याचा आवाज आला. घर्र, घर्र, असा. अण्णा टोपली ठेवायला आत आले असतील आणि त्यांनीच वर काही कळवलं असेल, असं वाटलं. धावत आलो. कोणी नव्हतं. टोपली नव्हती. फोन जागेवर होता. रिसीव्हर मी उजवीकडे तोंड करून ठेवतो, तो डावीकडे होता. मी स्वतःच तसा ठेवला असेन.

माझा ९ सप्टेंबर

आज गणपती असावेत. गुळाचा खडा ठेवून हात जोडले.

उठल्यावर फोन केला आणि ‘उठलो’ म्हटलं. पलीकडे चंद्रकांतराव होते. ते एकदम ‘सरी’ म्हणाले नाहीत. थोडं थांबले. जणू माणूस विचारात पडावा, की हे तर मघाशीच ऐकलं. मग ‘सरी’ म्हणाले.

माझा १७ सप्टेंबर

दांड्याचा आवाज पुन्हा. या वेळी मी तंबूतच होतो, दिवा मालवून पडलेलो. फोन चौथऱ्याच्या खाली, हाक मारण्याइतक्या अंतरावर असतो. घर्र, घर्र. मग हलक्या आवाजात कोणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. चाल कळली. माझ्यासारखी, वाक्याच्या शेवटी खाली न येणारी. बहीण त्यावरून मला चिडवते.

काडी ओढायला हात उठेना. ओढली तेव्हा कोणी नव्हतं.

माझा २६ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

टोपली आली. तांदूळ, कार्बाइड, तेल, शेंगदाणे. तळाला फडक्याच्या घडीत एक हिरवी शेंग सापडली. अवऱ्याची. ताजी. नख लावलं तर आत दाणा ओला होता. मी बोटं हुंगली. तोच वास. तेलकट, दवाचा.

ही शेंग थंडीत येते. मी दसऱ्याला वर जाणार होतो. दसरा होऊन गेला. दिवाळी होऊन गेली. माझा हिशेब थोडा चुकला असेल हे मला मान्य आहे, चंद्रकांतरावांनीच सांगितलं होतं की इथे माणूस वेळ कमी मोजतो. पण वर तर घड्याळ आहे. वर तर पंचांग आहे.

फोन केला. म्हटलं, मला वर घ्या. चंद्रकांतरावच होते. ते म्हणाले, ‘सरी.’

दाराशी जाऊन बसलो. बसून राहिलो.

कडी निघाली नाही.

त्याच तारखेचं पुढे

पुन्हा फोन. मला वर घ्या. ‘सरी.’ पुन्हा. ‘सऽरी.’ रडलो, तेही फोनवर. वहिनींची शपथ घातली. ‘सरी.’

शेंग वहिनींनी मुद्दाम घातली असेल. मला कळावं म्हणून. चिठ्ठी पाठवता येत नाही म्हणून. त्या नक्की काहीतरी करतील. मी शेंग जपून ठेवली आहे.

माझा ३० सप्टेंबर (खरा कितवा कोण जाणे)

आता फोन करणार नाही असं ठरवलं. आवाज थांबला की त्यांना काळजी वाटेल, कोणीतरी खाली येईल. दोन वेळा जेवलो, दोन वेळा झोपलो, फोनला हात लावला नाही.

तिसऱ्या वेळी दांडा फिरला.

मी दिवा लावून बसलो होतो. फोनपर्यंत उजेड जातो. तिथे कोणी नव्हतं. दांडा फिरला आणि माझ्या आवाजात कोणीतरी स्पष्ट म्हटलं, ‘उठलो. बरं आहे. अजून राहतो.’

वरून ‘सरी’ आलं. फोनमधून इतकं लांब ऐकू येत नाही, पण मला आलं.

तारीख सोडून देतो

अक्षर नीट काढतो.

रिसीव्हर हळूच उचलला, दांडा न फिरवता. वर त्यांचा रिसीव्हर टेबलावर तसाच उघडा राहिला असावा. सगळं ऐकू आलं. चहाचे पेले वाजत होते. जसं ऐकलं तसं उतरवतो, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

चंद्रकांतराव म्हणत होते, ‘खाली दोन बसवंत झालेत. एक रडतो, एक बोलतो. पंधरा दिवस मी नुसता ऐकतोय.’

वहिनी म्हणाल्या, ‘शेंग माझ्याकडून चुकून गेली हो. फडक्यात अडकली असेल. तेव्हापासूनच रडायला लागला ना?’

‘तुझी शेंग! फ्रेंच माणसाच्या दुप्पट राहिला असता, आता बोंब मारतोय.’

कोणीतरी हसलं. वहिनीच हसल्या.

मग अण्णा. ‘साब, माझ्या आज्याला बी हेच झालेलं. विलायती साहेब खाली, आणि हाका दोन. एक शिव्या घालायचा, एक थँक्यू म्हणायचा. आज्याने थँक्यूवाल्याला वर ओढला. अय्यो, केवढी बक्षिशी मिळाली! एक सोडला, एक काढला. दोरवाल्याला आणि काय पाहिजे?’

‘आणि शिव्या देणारा?’ वहिनींनी विचारलं.

‘तो देत होता, अक्का. स्वल्प दिवस.’

पेला ठेवल्याचा आवाज.

मग वहिनी, ‘अहो, पण खरा कोणता?’

चंद्रकांतराव म्हणाले, ‘पेपरवाले येणार आहेत. हा रडका बाहेर येऊन काय सांगेल ते कळतंय ना तुला? दसऱ्याचा शब्द दिला होता, ओरडत होतो तरी काढलं नाही, हेच. नोकरी जाईल माझी. मंडळ जाईल. तो दुसरा बघ. विचारलं तर म्हणतो, तुम्ही सांगाल तेव्हा येतो, साहेब.’

वहिनी म्हणाल्या, ‘मग तोच घ्या. बोलतो तरी गोड.’

मी ओरडलो. रिसीव्हरमध्ये ओरडलो, मी बसवंत, मी खरा, वहिनी मी.

वर कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवला.

शेंग पाण्यात टाकून दिली.

दाराजवळ

चौथरा सोडला. सगळं सामान दाराशी आणलं. दाराला पाठ लावून बसतो. कडी काढतील तेव्हा मी आधी बाहेर पडेन. झोपायचं नाही.

फळ्यांना फट नाही. किती चांगलं काम केलं आहे.

चंद्रकांतरावांनी माझे खांदे धरले होते. तो हात आठवतो. गरम होता.

दाराजवळ, पुढे

ते दुसरं माझ्याशी बोलत नाही. दिव्याच्या कडेला, उजेड संपतो तिथे बसतं. मी पाठ्यपुस्तकातली कविता म्हटली, चुकीची, मुद्दाम. त्याने बरोबर म्हटली.

मी खोकलो. ते खोकलं नाही. त्याला खोकला नाही. त्याची तब्येत चांगली आहे.

दाराजवळ

डोळा लागला होता. एवढाच. एक क्षण —

कडी निघाली. उजेड. पिवळा, भयंकर. डोळे उघडेनात. कोणीतरी माझ्या अंगावरून, अलगद, पाय न लागू देता, बाहेर —

‘या, या, बसवंत!’ चंद्रकांतराव. फुलांचा वास. शेवंतीचा.

मी पाय धरला कोणाचा तरी. चप्पल अण्णांची. म्हटलं, अण्णा, मी. अण्णांनी खाली वाकून पाहिलं. ओळखलं त्यांनी मला. शपथेवर लिहितो, ओळखलं. डोळे ओले झाले त्यांचे. मग पाय सोडवून घेतला.

‘बिडु, पोरा,’ म्हणाले. सोड.

दार.

—

वाट वर जाते तिथून टाळ्या ऐकू आल्या. माझ्या नावाचा जयजयकार. वहिनींनी ओवाळलं असणार. तबक वाजलं.

ओरडतोय. आवाज बसला.

एक विचार धरून आहे. बहीण. ते घरी जाईल तेव्हा ती ओळखेल. चंद्रकांतरावांना फसवता येईल, त्यांना फसायचंच आहे. तिला नाही. ती दारातच म्हणेल, हा नव्हे. मग ती शोधत येईल. ती कपडे शिवत आली आहे, तिला उलट शिवण लगेच दिसते. तोवर जगायचं. तांदूळ आहे. पाणी आहे. कार्बाइड थोडं.

—

घंटी वाजली.

वरून. कधी वाजत नाही. वाजली.

उचलला. माझा आवाज. त्याच्यामागे वारा होता, उघड्यावरचा वारा, आणि मोटारीचं इंजिन सुरू.

नम्र बोलतं. म्हणालं, तसदी देतो. घरी दार बहीण उघडेल ना? तिला मी काय म्हणून हाक मारतो? बाकी सगळं तुझ्याकडून ऐकलं. हे तू कधी मोठ्याने म्हटलं नाहीस.

मी गप्प.

पुन्हा विचारलं. गप्प. दात घट्ट. हे एवढंच माझ्याकडे आहे.

मग चंद्रकांतराव. मऊ आवाज, झोपाळ्यावरचा. म्हणाले, बसवंता, सांगून टाक. सगळ्यांचाच खोळंबा होतो आहे. म्हटलं, आधी कडी काढा. म्हणाले, अण्णा दाराशी उभेच आहेत, तू सांगितलंस की काढतात. म्हटलं, खोटं. म्हणाले, इतके महिने तुला जेवू घातलं, मी तुला मरायला सोडेन का रे? मग वहिनी. त्या रडत होत्या. खऱ्या. म्हणाल्या, माझी शपथ आहे, कडी काढायला लावते, एवढा शब्द सांग, तुझ्या बहिणीला तरी सुखात —

सांगितला.

माझ्या आवाजात वर कोणीतरी तो म्हणून पाहिला. एकदा. बरोबर म्हटला, लाडाने, मी म्हणतो तसाच.

ठेवला फोन.

—

दाराला कान लावून आहे. अण्णांची चाहूल नाही. चप्पल नाही. तंबाखूचा वास नाही.

कडी — नाही. थेंब होता.

मोटार गेली असावी. जमिनीतून कळतं.

फोन फिरवतो. ‘सरी’ पण नाही.

तो शब्द इथे लिहून ठेवतो. माझा आहे. कोणी आलंच, हे सापडलंच, तर तिला दाखवा, ती ओळखेल. नीट लिहितो. बहिणीला मी लहानपणापासून

लहानपणापासून तिला मी

तीन अक्षरी आहे. आत्ताच फोनवर तोंडाने म्हटला, तरी येत नाही. पहिलं अक्षर